बांधावरचं अळू

बाई एकदा खोकल्या म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, आणि दोनदा खोकल्या म्हणजे घोडचूक झालीय. तीनदा खोकल्या तर मात्र त्यांना खरंच खोकला झालेला असायचा. हे गणित समजायला मला एक अख्खा हिवाळा लागला आणि तेवढ्यात माझी कोथिंबीर गेली.

कोथिंबिरीचं असं झालं. आम्ही नुकतेच पुण्याहून नोएडाला आलो होतो. नवऱ्याला रंगीत टीव्हीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. तेव्हा नोएडात सेक्टरांना नंबर होते, रस्ते हे एवढे रुंद होते, फक्त त्या रस्त्यांवरून जाणारी माणसं अजून यायची होती. आमची सोसायटी म्हणजे बहुतेक केंद्र सरकारातून निवृत्त झालेली मंडळी, आणि अधूनमधून आमच्यासारखी भाडेकरू पोरंटोरं. इमारतींच्या मागे क्लबहाउससाठी राखून ठेवलेली जमीन होती. क्लबहाउस काही होण्याची लक्षणं दिसेनात, तेव्हा सेक्रेटरींनी त्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि ज्याला हवा त्याला भाजी लावायला एकेक तुकडा देऊन टाकला. हिंदीवाले त्याला क्यारी म्हणायचे, आम्ही वाफा. मला मिळालेला वाफा भिंतीच्या कडेचा, अर्धा दिवस सावलीतला, म्हणजे कुणालाच नको असलेला. माझ्या पलीकडे बाईंचा वाफा आणि बाईंच्या पलीकडे बत्राजींचा.

मी शेतीतली पंडिता. स्वयंपाकघरातल्या डब्यातले धने मूठभर आणले आणि अख्खेच्या अख्खे मातीत पेरले. बांधावर एक ठेंगणी, कडक इस्त्रीच्या सुती साडीवर पुरुषी स्वेटर घातलेली बाई उभी होती. ती खोकली. मी हसले. ती पुन्हा खोकली. मी म्हटलं, "काकू, पाणी आणून देऊ का?"

"काकू नको," त्या म्हणाल्या. "ऑफिसात सगळे मॅडम म्हणायचे. घरी काही म्हणायला कुणी नव्हतंच. तू बाई म्हण."

महिना झाला तरी माझ्या वाफ्यात चार काड्यांपलीकडे काही उगवलं नाही. शेवटी मी विचारलं, काय चुकलं असेल हो? विचारायचाच अवकाश, बाईंच्या तोंडाला जणू पाट फुटला. धने आधी पाट्यावर रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, राखेत घोळायचे, वर माती चिमूटभरच घालायची.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नव्हतंस."

"मी चुकत होते आणि तुम्ही नुसत्या बघत होतात?"

"बघत नव्हते," बाई म्हणाल्या. "खोकत होते."

बाईंची सगळी नोकरी एका मंत्रालयात गेली. कुठल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फाइलीतली गोष्ट बाहेर बोलायची नसते, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. राहायला लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर होतं. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यावर विशीत सांगलीहून एकट्या दिल्लीला आल्या, भावंडांची शिक्षणं केली, आणि ती भावंडं आपापल्या मार्गाला लागल्यावर क्वार्टरच्या मागच्या अंगणात वांगी-टोमॅटो लावत बसल्या. निवृत्तीनंतर नोएडात तिसऱ्या मजल्यावर आल्या. अंगण गेलं, त्याची भरपाई म्हणून हा वाफा.

तर वाफ्यावरची रीतभात हा बाईंचा खास विषय. त्यांच्या मते शेतकऱ्यांची निम्मी भांडणं बांधावरून होतात आणि उरलेली निम्मी बांधावर उभं राहून अक्कल शिकवणाऱ्यांमुळे. म्हणून सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. दुसऱ्याच्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही, आणि मालकाने बोलावलंच तर चप्पल काढून आत जायचं. मला आधी वाटायचं, जमिनीला देव मानत असतील. तसलं काही नव्हतं. "चप्पल काढायला जो वेळ लागतो ना, तेवढ्यात माणसाला आठवतं की हे आपलं नाही," असं त्यांचं म्हणणं.

वेलीवर लटकणाऱ्या दुधीला सुरेख म्हणायचं नाही, हाही एक नियम. मी म्हटलं, "बाई, तुम्ही दृष्टबिष्ट मानता?" तर म्हणाल्या, "बिल्कुल नाही. पण वेलीवर असताना कौतुक केलं की मालकाला वाटतं, आता ही द्यावी लागणार. कशाला बिचाऱ्याला पेचात टाकायचं? तोडून त्याच्या पिशवीत गेली की मग पोटभर कौतुक कर."

आणि बांध कुणाचा नाही. हा तर नियमांचा राजा. दोन वाफ्यांमधल्या वीतभर उंचवट्यावर ना याने काही लावायचं, ना त्याने. बांध फक्त उभं राहून बोलण्यासाठी.

हे सगळं ज्यांच्यासाठी होतं ते बत्राजी मात्र या नियमांच्या मधून बुटांसकट चालत जायचे. हा एका बँकेतून निवृत्त झालेला धिप्पाड गृहस्थ, नेहमी पांढऱ्या कुडत्यात, आवाज असा की वाफ्यातून बोलले तरी तिसऱ्या मजल्यावर बातमी जावी. कुणाच्याही भोपळ्याच्या पाठीवर थाप मारायची, कुणाच्याही मुळ्याचा पाला उपटून चघळायचा, आणि सगळ्यांना सगळं शिकवायचं. "बेटा, गोभी को प्यार से पानी दो, प्यार से!" म्हणून माझ्या हातातली झारी काढून घ्यायचे आणि अर्धी स्वतःच्याच बुटांवर ओतायचे. मनाने इतका मोकळा माणूस की त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी पंचाईत.

सगळ्यांना मिळून एकच नळ होता, बाई आणि बत्राजी यांच्यामधल्या बांधाच्या टोकाला, आणि एकच रबरी पाइप. बत्राजी पाणी देऊन झालं की पाइप जिथल्या तिथे टाकून जायचे. बाई रोज तो गुंडाळून पुढच्याच्या वाफ्याच्या तोंडाशी नीट ठेवायच्या. कित्येक महिने बत्राजींची अशी समजूत होती की सोसायटीने त्या कामासाठी माळी ठेवलाय. एकदा सेक्रेटरींकडे त्यांनी त्या माळ्याची तारीफही केली.

वाट्यांच्या बाबतीत बाई तर हट्टीच. कुणाकडून वाटीभर काही आलं तर देणाऱ्याच्या समोर एक घास खायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती वाटी काहीतरी सरस घालून परत करायची. बत्राजींच्या बायकोने सरसोंचा साग दिला की उलट टपाली खोबऱ्याच्या वड्या हजर. त्यांनी गाजराचा हलवा दिला, तर बाईंनी सुधारस दिला. मिसेस बत्रा म्हणायच्या, "बहनजी के घर से कटोरी वापस नहीं आती, ट्रॉफी आती है." सगळे हसायचे, बाईसुद्धा. पण स्वतःहून बाईंनी कधी कुणाकडे चिमूटभर हळद मागितल्याचं मी पाहिलं नाही. एकदा घरातला गॅस संपला तर दोन दिवस फळं आणि पोहे खाऊन राहिल्या. मला कळलं तेव्हा मी अशी संतापले! माझ्याकडे दुसरा सिलिंडर नुसता पडून होता.

अशा या बाईंनी स्वतःचा एक नियम मोडला होता, आणि तो नेमका बांधाचा.

क्वार्टर सोडताना सरकारी माणसं येऊन पंखे, बल्ब, नळ मोजून ताब्यात घेतात. मोजणीत नसलेली एकच गोष्ट त्या क्वार्टरमध्ये होती. मागे मोरीचं पाणी जायचं तिथे वाढलेलं काळ्या देठाचं अळू. आधी तिथे राहणारं मराठी कुटुंब बदली झाल्यावर ते मागे ठेवून गेलं होतं. बाईंनी त्याचे कंद एका बादलीत भरून नोएडाला आणले. अळूला लागतो ओलावा, आणि अख्ख्या जमिनीत कायम ओली जागा एकच, नळाखालची. म्हणजे बांध. बाईंनी म्हणे आठवडाभर विचार केला आणि मग एका पहाटे, कुणी उठायच्या आत, ते कंद बांधावर लावून टाकले.

एवढी धडपड कशासाठी, ते मला भाद्रपदात कळलं. ऋषिपंचमीला बाईंच्या घरी अळूची भाजी आणि वड्या असायच्या, आणि त्या दिवशी दिल्लीतल्या मराठी माणसाला बाईंचं दार उघडं. लक्ष्मीबाई नगरातले जुने शेजारी यायचे. आणि सरकारी परीक्षांचा अभ्यास करायला आलेली, कोंदट खोल्यांमध्ये राहणारी लातूर-बीडकडची पोरंपोरी दोन-दोन बस बदलून यायची. आधी ताटावर बसायची, मग गप्पांवर. बाई त्यांना गाव विचारायच्या, तालुका विचारायच्या, आईचं माहेर विचारायच्या, आणि वाढता वाढता हसायच्या. "अळू आहे म्हणून बोलावते हो," त्या मला म्हणाल्या. "उगाच, काही कारण नसताना, या म्हणायला मला जमत नाही." वर्षातले बाकीचे दिवस त्यांच्या दारावरची घंटा दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नसे. म्हणजे ते अळू गेलं असतं तर बाईंचं घर बंद पडलं असतं, इतकी ती सरळ गोष्ट होती.

आता बत्राजींच्या वाफ्यात बांधाला लागून अरबीची ओळ होती. अरबी म्हणजे अळूचीच बहीण. फरक एवढाच की पंजाबी माणूस तिचे कंद खातो आणि पानं फेकतो, आणि मराठी माणूस पानांसाठी जीव टाकतो आणि कंदांकडे ढुंकूनही बघत नाही. बांधावरचं अळू ही आपल्याच अरबीची आगाऊ पोरं आहेत, असं बत्राजी मानून चालले होते. आणि नियम मोडल्याच्या शरमेने बाई पानं कापायच्या त्या भल्या पहाटे, चोरासारख्या.

एका सकाळी बत्राजी कमरेवर हात ठेवून बांधाशी उभे. "बहनजी, देखिए तो! बंदर मेरी अरबी के पत्ते ले जाते हैं."

बाई दोडक्याच्या वेलीत तोंड खुपसून बसल्या.

"और अजीब बंदर हैं," बत्राजी खाली वाकून देठ निरखत म्हणाले, "चाकू से काटते हैं!"

बाई खोकल्याही नाहीत. मी मात्र तोंडावर पदर धरून पळाले ती थेट जिन्यात जाऊन हसले.

हसू पुढे फार दिवस टिकलं नाही. दसरा झाला. बाई भाचीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, दिवाळीनंतर येणार होत्या. त्या यायच्या आदल्या रविवारी मी मेथीला पाणी घालायला खाली उतरले, तर बत्राजी घामाघूम, शेजारी गोणी, आणि नळाखालचा बांध पार उकरलेला. "बेटा, इस बार तो मेड़ तक अरबी हो गई!" त्यांचा चेहरा आनंदाने खुलला होता. मी खोकले. दोनदा खोकले. बत्राजींनी खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्या हातात दिली. "मुलेठी चूसो. मौसम बदल रहा है."

सांगून आता उपयोगही नव्हता. कंद गोणीत गेले होते, पानं आणि शेंडे बत्राजींच्या वाफ्याच्या कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात. आणि सांगायचं तर माकड कोण, ते आधी सांगावं लागलं असतं.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आल्या आणि वर जायच्या आधी, हातात बॅग तशीच धरून, वाफ्यावर गेल्या. मी गॅलरीतून पाहिलं आणि धावत खाली आले. त्या उकरलेल्या मातीकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं रडतील, निदान चिडतील तरी. मी त्यांच्या जागी असते तर बत्राजींच्या दारात जाऊन उभी राहिले असते.

"बांध कुणाचा नाही," बाई म्हणाल्या. "नियम माझाच आहे." आणि जिना चढायला लागल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. तेवढ्यात घंटा वाजली. दारात बत्रा पती-पत्नी, हातात वाटी. "बहनजी, आप सफ़र से आई हैं, खाना क्या बनाएँगी! अपनी क्यारी की अरबी, अजवाइन वाली."

रीत म्हणजे रीत. बाईंनी चमचा आणला आणि दोघांच्या समोर एक घास घेतला. सोन्यासारखं परतलेलं ते स्वतःचंच अळू त्या चावत होत्या आणि मला बघवत नव्हतं. "बहुत स्वादिष्ट है," त्या म्हणाल्या. आता पानांच्या अळूचा कंद असा की खाल्ला की घशाला खाज सुटते. बाई एकदा खोकल्या. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. चूक, घोडचूक आणि खरा खोकला, तिन्ही एकाच वेळी असण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. पाठोपाठ बत्राजी खोकले, मग मिसेस बत्रा. "हमारे घर में भी कल से सबका गला ख़राब है," घसा खाजवत बत्राजी म्हणाले. "वायरल चल रहा है."

ते गेल्यावर बाईंनी वाटी झाकून ठेवली. मग अचानक म्हणाल्या, "कंद गेले, पण शेंडे? कंदाचा वरचा तुकडा देठासकट लावला तर पुन्हा येतो. शेंडे कुठे टाकले असतील?"

"त्यांच्याच खड्ड्यात आहेत! मी आत्ता जाऊन घेऊन येते."

"बिल्कुल नाही. दुसऱ्याच्या कचऱ्यातलंसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही."

"मग विचारा ना."

बाई साडीचा काठ उगाच बोटाने सरळ करत राहिल्या. "मला मागता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "द्यायला सांग, कितीही देते. मागायची वेळच मी येऊ दिली नाही कधी. आता या वयात कसं सुरू करू?"

मला तर जन्मापासून मागण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बांधावर उभ्या राहून खोकल्या. बत्राजींनी ज्येष्ठमध दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी खोकल्या, तर आलं-गुळाच्या गोळ्या आल्या. मग होमिओपॅथीची बाटली आली. नंतर तर बत्राजींनी जाहीर केलं की कर्जावर घेतलेल्या आपल्या नव्या कोऱ्या लाल गाडीतून ते स्वतः बहनजींना डॉक्टरकडे नेणार. इकडे खड्ड्यातले शेंडे ऊन खाऊन मलूल होत चालले होते. वरून मला ते दिसत होते, आणि बाईंनाही दिसत असणार, कारण त्या गॅलरीतून हलतच नव्हत्या.

शेवटी मीच म्हटलं, "बाई, आज-उद्याची गोष्ट आहे. मग मागूनही काही मिळायचं नाही."

त्या खाली आल्या. बांधावर थांबल्या. खोकल्या नाहीत. चपला काढल्या, एकीला दुसरी लावून नीट ठेवल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बत्राजींच्या वाफ्यात गेल्या.

"बत्राजी," मंत्रालयातल्या ठेवणीतल्या हिंदीत त्या म्हणाल्या, "मुझे आपसे कुछ माँगना है."

बत्राजींनी खुरपं खाली ठेवलं.

"मुझे आपके कूड़े में से कुछ डंठल चाहिए. और एक बात स्वीकार करनी है." बाईंनी श्वास घेतला. "वह बंदर मैं थी."

बत्राजी आधी बाईंकडे बघत राहिले, मग बांधाकडे, मग खड्ड्याकडे. सगळं एकेक पायरीने त्यांच्या डोक्यात चढत असलेलं दिसत होतं. आणि मग तो पहाडासारखा माणूस जो हसत सुटला तो थेट बांधावर बसूनच हसायला लागला. डोळ्यांतून पाणी, कुडत्याने डोळे पुसतायत आणि पुन्हा हसतायत. बाई ताठ उभ्या. मग हसता हसता ते एकदम थांबले.

"मतलब वो अरबी आपकी थी," ते म्हणाले. "और हमने आपको ही खिला दी. और आपने खा भी ली!"

"दी हुई चीज़ को ना नहीं कहते."

"ओ बहनजी!" बत्राजींचा आवाज पहिल्यांदाच हळू झालेला मी ऐकला. "इतने साल आपकी कटोरियों ने हमें दबाकर रखा. जो दो, उससे बढ़िया वापस. मिसेस तो अब आपको कुछ देते हुए डरती है. आज पहली बार आपने कुछ माँगा, और माँगा तो क्या? कूड़ा!"

बाई पुढे व्हायला लागल्या तर त्यांनी हात आडवा केला आणि त्या पांढऱ्या कुडत्यात स्वतः खड्ड्यात उतरले. शेणकाल्यातून एकेक शेंडा शोधून काढायचे, फुंकर मारायचे आणि बाईंच्या ओच्यात ठेवायचे. "ये वाला? ये चलेगा?" बाई मान हलवायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते सरळ दिसलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं.

बांध कुणाचा नाही हा नियम मात्र कायम राहिला. त्यामुळे शेंडे लावले ते जुन्या बादलीत, आणि बादली ठेवली बत्राजींच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात, कारण बाईंच्या गॅलरीत थंडीत ऊन येत नसे. तो हिवाळा फार लांबला. बादलीत नुसती काळी माती. बाई रोज येऊन बघायच्या, बत्राजी रोज सांगायचे, "आएगा, आएगा." होळी झाली तरी काही नाही. मी मनातल्या मनात ऋषिपंचमीवर पाणी सोडलं होतं. आणि एका सकाळी सगळ्या सोसायटीने ऐकलं, "बहनजी! निकल आया!" बाई तीन जिने अनवाणी उतरल्या. मातीतून करंगळीएवढी एक काळपट सुरळी वर आली होती. त्या सुरळीला सुरेख म्हणायचं की तोडल्यावर म्हणायचं, हे मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "गप गं," आणि स्वतःच म्हणाल्या, "काय सुरेख आहे!"

त्या ऋषिपंचमीला पोरापोरींच्या पंगतीत बत्रा पती-पत्नी बसले होते. "पत्ते? आप लोग पत्ते खाते हैं?" म्हणत बत्राजींनी वडीचा पहिला तुकडा भीतभीत तोंडात टाकला, आणि नंतर त्यांच्यासमोरून वड्यांचं ताट काढून घ्यायला दोघांना उठावं लागलं.

मग सोसायटीत गाड्या वाढल्या. आधी बत्राजींची लाल, मग ज्याच्या त्याच्या दारात एक. सभा भरली आणि वाफ्यांवर सिमेंट घालून पार्किंग करायचं ठरलं. बाई त्या सभेत दोनदा मोठ्याने खोकल्या, पण सेक्रेटरींना ते गणित कुठून ठाऊक असणार? माझी भिंतीकडेची सावली एका करड्या गाडीला मिळाली. बांध नाहीसा झाला. अळू बत्राजींच्या व्हरांड्यातच राहिलं, बादलीतून कुंड्यांत गेलं, आणि तिसऱ्या मजल्यावरून हाक यायला लागली, "बत्राजी, छह पत्ते दीजिए!" पूर्वी हळदही न मागणारी बाई आता भर दुपारी ओरडून मागायची. कधी बत्राजी ऐटीत सांगायचे, "आज नहीं मिलेंगे, पत्ते छोटे हैं." मग वरून एक खोकला यायचा. थोडं थांबून दुसरा. बत्राजी हसत उठायचे.

पुढे आम्ही गुडगावला गेलो. चौदाव्या मजल्यावर, जिथे शेजाऱ्याचं तोंड लिफ्टमध्ये दिसतं. बाई गेल्याचं बत्राजींनीच फोनवर सांगितलं. शेवटच्या आजारात त्यांनी मिसेस बत्रांकडे मूग-भाताची खिचडी मागून घेतली होती, असं ते म्हणाले, आणि ते ऐकून मला रडू आलं.

त्यानंतरच्या भाद्रपदात मी नोएडाला गेले. बत्राजी थकले होते, काठी आली होती. पण व्हरांड्याभर कुंड्या, आणि कुंड्यांत सुपाएवढी अळूची पानं. त्यांच्या घरात त्या पानांच्या वड्या करणारं आता कुणी नव्हतं. आमच्या गप्पा झाल्या, चहा झाला. निघताना मी सवयीने, आपल्याच माणसाचं घर म्हणून, वाकून एका पानाच्या देठाला नख लावलं.

बत्राजी खोकले.

म्हातारपण, मला वाटलं. मी देठ मोडायला लागले. ते पुन्हा खोकले.

मी हात मागे घेतला. सरळ उभी राहिले. व्हरांडा सिमेंटचा होता, तरी सँडल काढून बाजूला ठेवले.

"अंकल," मी म्हटलं, "मुझे आपसे कुछ माँगना है."

त्यांनी पांढऱ्या कुडत्याच्या खिशातून कात्री काढली.